वामनदादा कर्डक : गाणं, अक्षर आणि चळवळ

आपण वाघोलीत बसून बोलतो आहोत. समोरचा नगर रस्ता पुढे लोणीकंदवरून पेरणे फाट्याला, भीमा कोरेगावच्या जयस्तंभाकडे जातो. दर 1 जानेवारीला या रस्त्यानं माणसांची रीघ लागते आणि सोबत गाणी चालत असतात. ती गाणी आपण लहानपणापासून ऐकतो, कित्येकांना पाठ असतात. पण ती लिहिली कुणी, असं विचारलं की आपण घुटमळतो. आजचा विषय तिथूनच सुरू होतो : वामनदादा कर्डक.

वामनदादांचा जन्म 15 ऑगस्ट 1922 चा, नाशिक जिल्ह्यात सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी गावचा. वडील लवकर गेले. शाळा नाही. मग पोटासाठी मुंबई. गिरणीत काम केलं, कोळसा वाहिला, मिळेल तो किरकोळ धंदा केला, आणि शिवडीच्या बीडीडी चाळीत राहिले.

तिथं घडलेला एक प्रसंग ते स्वतः सांगत. एका माणसानं त्यांच्या हातात पत्र दिलं, जरा वाचून दाखव म्हणाला. वामनदादांना वाचता येत नव्हतं. ती लाज त्यांना इतकी लागली की त्यांनी मोठ्या वयात बाराखडी गिरवायला घेतली. दुकानांच्या पाट्या वाचत वाचत जोडाक्षरं शिकले. 1943 साली त्यांनी पहिलं गाणं लिहिलं, तेही एका हिंदी गाण्याच्या चालीवर. तिथून पुढे साठ वर्षं लिहिणं आणि गाणं थांबलं नाही.

आता हे गाणं आलं कुठल्या परंपरेतून, ते पाहू. महात्मा फुल्यांनी 1873 मध्ये पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. पुढे त्या चळवळीतून सत्यशोधक जलसे निघाले. जलसा म्हणजे काय? सांगाडा तमाशाचाच. लोकांच्या ओळखीचा. पण आतला माल बदललेला. गणात देवाच्या स्तुतीऐवजी विचार आला, गवळणीतली शृंगारिक थट्टा गेली, आणि वगात सावकारी, शिक्षण, भटशाही असे विषय आले. 1930 च्या दशकात नाशिककडे भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी हेच हत्यार आंबेडकरी चळवळीसाठी वापरलं. वामनदादा या वाटेवरचे पुढच्या पिढीचे प्रवासी.

1956 साल आठवा. 14 ऑक्टोबरला नागपूरला धम्मदीक्षा आणि 6 डिसेंबरला बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण. दोन महिनेही झाले नव्हते. लाखो लोकांनी जुना धर्म सोडलेला, आणि वाट दाखवणारा माणूस गेलेला. बाबासाहेबांचे ग्रंथ बहुतेक इंग्रजीत. ज्यांना अक्षरओळखच नाही, त्यांच्यापर्यंत बुद्ध, संविधान, शिक्षण हे शब्द पोचवायचे कुणी? ते काम गायन पार्ट्यांनी केलं. एक पेटी, एक ढोलकी, दोन-चार कोरस धरणारे. वस्तीत रात्री कंदील लागायचा आणि पहाटेपर्यंत कार्यक्रम चालायचा.

वामनदादांची ताकद इथं दिसते. चाल ओळखीची घ्यायची, म्हणजे ऐकणाऱ्याचा कान आधीच तयार असतो. शब्द साधे, घरातले, शेतातले. ध्रुपद असं की दुसऱ्यांदा आलं की सगळी वस्ती म्हणायला लागते. म्हणजे ऐकणारा नुसता ऐकत नाही, तो त्या विचाराला स्वतःचा आवाज देतो. ज्या माणसाला पत्र वाचता आलं नव्हतं, त्याला न वाचणाऱ्यापर्यंत कसं पोचायचं हे पक्कं ठाऊक होतं.

असंच जगात दुसरीकडेही झालं आहे. 1957 मध्ये अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्याच्या गव्हर्नरनं नऊ काळ्या विद्यार्थ्यांना शाळेत शिरू नये म्हणून सैनिक उभे केले. गव्हर्नरचं नाव फॉबस. जॅझ वादक चार्ल्स मिंगस यानं त्याची टर उडवणारी रचना केली. 1959 च्या रेकॉर्डवर नुसती धून आली, शब्द नव्हते. शब्दांसकट ती आली 1960 मध्ये, दुसऱ्या कंपनीकडून. सत्तेला सुरांची अडचण फारशी नसते, मित्रहो. अडचण शब्दांची असते.

आता अवघड भाग. वामनदादांनी गाणी हातानं वाटली. कुणी गायक आला, गाणं मागितलं, देऊन टाकलं. शेवटच्या कडव्यात 'वामन' ही नाममुद्रा असायची, तीच काय ती मालकी. 'वाटचाल', 'मोहळ' असे संग्रह निघाले, पण लिहिलेल्या हजारो गाण्यांपैकी बरीच तोंडोतोंडीच राहिली. गाणारा ते शेवटचं कडवं गाळतो, तेव्हा कवीही गळून जातो. 15 मे 2004 रोजी वामनदादा गेले. त्यांच्या गाण्यांवर जयंत्या उभ्या राहिल्या, पण त्यांची स्वतःची मिळकत मात्र कधी फार झाली नाही. चळवळीनं आपल्या कलावंताला काय दिलं, हा प्रश्न आपण टाळू नये.

आणखी एक. आज जयंतीला भिंती हादरवणारा डीजे लागतो. चाल तीच असते, ठेका तोच असतो, शब्द मात्र ऐकू येत नाहीत. म्हणजे मिंगसच्या पहिल्या रेकॉर्डसारखं झालं, फरक इतकाच की इथं कुणी बंदी घातलेली नाही. आपणच आवाज वाढवला.

आपल्या वाघोलीच्या दगडखाणींत आजही कामासाठी स्थलांतर करून आलेली कुटुंबं राहतात. त्यांच्या पोरांना अक्षर आणि गाणं दोन्ही हवं आहे. तेव्हा आपण एवढं करू या. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला जे गाणं येतं, ते शेवटच्या कडव्यासकट वहीत उतरवून घेऊ. आणि उतरवायचं काम घरातल्या लहान पोराला देऊ. गाणंही राहील आणि पोराचं अक्षरही वळणदार होईल. जय भीम.