मोबाइलवरची चाचणी : जव्हार-मोखाड्यासाठी चार मुद्दे

● राज्याचा अनुभव : नोव्हेंबर २०२०मध्ये, शाळा बंद असताना, ‘एससीईआरटी’ने (राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद) व्हॉट्सअ‍ॅपवर ‘स्वाध्याय’ सुरू केला. मुलांना दर आठवड्याला बहुपर्यायी प्रश्न मिळत. मराठीबरोबर उर्दू माध्यमाचीही सोय होती.

● अडचण : पालघर जिल्ह्यातल्या या दोन तालुक्यांत डोंगरातल्या पाड्यांवर रेंज टिकत नाही. दिवाळीनंतर कुटुंब कामासाठी बाहेरगावी जाते, तेव्हा घरातला एकुलता फोनही जातो.

● मार्ग : प्रश्नसंच शाळेत आधीच डाउनलोड करावा, उत्तरे फोनमध्येच साठवावीत आणि रेंज मिळाल्यावर पाठवावीत.

● अट : आश्रमशाळा असो, जिल्हा परिषदेची शाळा असो वा मदरसा, फोन नसलेल्या मुलाला तीच प्रश्नपत्रिका त्याच दिवशी कागदावर मिळालीच पाहिजे.