तापलेल्या पद्मिनीचं झाकण

कसारा घाटात अब्बांच्या जुन्या पद्मिनीचा काटा लाल रेषेवर गेला. मागे अम्मी आणि मुलं. धाकट्या भावाने रेडिएटरच्या झाकणाला हात घातला, तोच अब्बांनी तो मागे खेचला. दाबाखालचं पाणी १०० अंशांच्याही वर तापतं. झाकण सैल होताच उसळून तोंड भाजतं. पाऊण तास थांबलो.

मिस्त्रींनी पाहिलं. पंख्याचा पट्टा ताठ, थर्मोस्टॅट ठीक. चूक आमचीच! वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलेलं. चहाच्या किटलीसारखा क्षार बसून रेडिएटरच्या बारीक नळ्या बुजल्या होत्या. त्यांनी रेडिएटर उतरवला, सळईने नळ्या मोकळ्या केल्या, पुन्हा झाळून बसवला. आता डिस्टिल्ड पाणी नि कूलंट निम्मं-निम्मं. थर्मोस्टॅट काढून टाका, असंही कुणी सुचवलं. अब्बांनी ऐकलं नाही. इंजिन गरम व्हायला वेळ लागतो, पेट्रोल जास्त जातं. झाकण मात्र अजूनही सकाळी, थंड गाडीचंच उघडतं.