यंत्रदृष्टी आणि शिरोरेषा

कारखान्यातील सरकत्या पट्ट्यावरून येणारा सुटा भाग दर वेळी एकाच जागी व एकाच दिशेने पडेल, अशी खात्री देता येत नाही. जोडणी करणाऱ्या यंत्राला त्याची स्थिती आधी कळावी लागते. त्यासाठी कॅमेरा सबंध भाग न्याहाळीत बसत नाही. त्यावरील पूर्वनिश्चित दोन खुणा तेवढ्या शोधतो. पहिलीवरून भाग किती सरकला ते कळते, दुसरीवरून किती वळला ते. खुणांमधील अंतर ८० मिलिमीटर असून दुसरी खूण पहिलीच्या मानाने १.४ मिलिमीटर बाजूला दिसली, तर भाग सुमारे १ अंशाने वळला आहे. गवंड्याचा ओळंबा व सुताराचा गुण्या यांच्याच कुळातील हे साधन होय. दोन खुणांवर भागते, कारण धातूचा भाग सरकला वा वळला तरी आपला आकार सोडीत नाही.

देवनागरीत अशी खूण लिपीनेच पुरविली आहे. पानाच्या छायाचित्रातील बिंदूंच्या प्रत्येक आडव्या रांगेत काळे बिंदू किती, हे मोजीत गेल्यास शिरोरेषेपाशी ती संख्या एकदम उंचावते. पान तिरपे असेल तर हा चढ पसरट होतो. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील बी. बी. चौधुरी व यू. पाल यांनी १९९७ मध्ये देवनागरी व बांगला पानांचा कल काढण्यासाठी शिरोरेषेचाच आधार घेतला. रोमन लिपीस ही सोय नाही.

मोडीत लेखनिक आधी पानभर रेघ ओढतो व मग तिच्याखाली अक्षरे लिहितो. खूण अखंड मिळाली खरी. परंतु देवनागरीत शिरोरेषेतील खंड शब्दाची सीमा दाखवितो, तो येथे नाही. शिवाय रेघ हाताची आणि कागद सुरकुतलेला. असे पान एकाच कोनातून फिरविले, तर ओळीचे एक टोक सरळ होते व दुसरे अधिकच ढळते. म्हणून पानाचे लहान तुकडे करून प्रत्येकाचा कल स्वतंत्रपणे काढावा लागतो.

पुराभिलेख संचालनालयाच्या नागपूर शाखेत किंवा अन्यत्र मोडी कागदांची छायाचित्रे घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी कागदाखालच्या फळीवर, कागदाच्या बाहेर, मोजलेल्या अंतरांवर चार काळे ठिपके ठेवावेत. म्हणजे कॅमेऱ्याचा कल व लेखनिकाच्या हाताचा कल वेगळे काढता येतील. सरळ केलेली प्रत वाचनासाठी वापरावी. मूळ छायाचित्र मात्र पुसू नये. ओळ कोठे उतरली, हे हस्ताक्षराची तुलना करताना पाहावे लागते, आणि सरळ केलेल्या प्रतीत नेमके तेच नाहीसे झालेले असते.