काडतुसांचा तुटवडा आणि ब्रिटिश नेमबाजांची कपाटे

ब्रिटनमध्ये रायफलची काडतुसे घ्यायला दुकानात शिरलेल्या माणसाला पैशांच्या पाकिटाआधी एक कागद बाहेर काढावा लागतो. पोलिसांनी दिलेल्या या परवान्यावर प्रत्येक कॅलिबरपुढे दोन आकडे असतात. एका वेळी किती काडतुसे विकत घेता येतील हा पहिला, आणि एका वेळी एकूण किती जवळ बाळगता येतील हा दुसरा. दुकानदार विक्रीची तारीख आणि संख्या त्याच कागदावर नोंदवून सही करतो. समजा, एखाद्याला एक हजार काडतुसे बाळगण्याची मुभा आहे आणि त्याच्या कपाटात आठशे शिल्लक आहेत, तर दुकानात कितीही माल पडून असला तरी त्याला दोनशेच घेता येतात. दोनशे एकावे काडतूस हा गुन्हा ठरतो.

गेल्या काही वर्षांत जगभर काडतुसांचा तुटवडा वारंवार निर्माण झाला. तेव्हा हौशी नेमबाजांनी काय केले, या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेत एका शब्दात देता येते: साठा. ब्रिटनमध्ये ते इतके सरळ नाही. १९६८ च्या फायरआर्म्स कायद्याने आणि त्यानंतरच्या दुरुस्त्यांनी येथील खाजगी शस्त्रसाठ्याला चारी बाजूंनी कुंपण घातले आहे. १९८७ च्या हंगरफोर्ड हत्याकांडानंतर अर्धस्वयंचलित रायफलींवर बंदी आली, त्यातून केवळ.२२ रिमफायर वाचल्या. १३ मार्च १९९६ रोजी स्कॉटलंडमधील डनब्लेनच्या शाळेत सोळा मुले आणि त्यांची शिक्षिका मारली गेली, आणि पुढच्याच वर्षी हातबंदुका जवळपास पूर्णपणे बाद झाल्या. १२ ऑगस्ट २०२१ रोजी प्लिमथमधील कीहॅम येथे पाच जणांचा बळी घेणाऱ्याला पोलिसांनी त्याची बंदूक आणि परवाना काही आठवड्यांपूर्वीच परत केला होता, हे उघड झाल्यावर परवान्यांची छाननी आणखी कडक झाली. अशा वातावरणात मर्यादेपेक्षा चार खोकी जास्त ठेवण्याची किंमत परवाना गमावण्याइतकी मोठी असू शकते. त्यामुळे टंचाईच्या काळात येथील नेमबाजाची खरी झटापट दुकानदाराशी कमी आणि परवान्यावरच्या त्या दोन आकड्यांशीच अधिक झाली.

या कुंपणाला एक मोठे फाटक मात्र आहे. छर्ऱ्याच्या बंदुकीची, म्हणजे आपल्याकडे बारा बोअर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बंदुकीची साधी काडतुसे घेताना परवाना दाखवावा लागतो, पण त्यावर संख्येची मर्यादा लिहिलेली नसते. फारच मोठा साठा झाला तर स्फोटकांच्या साठवणुकीचे नियम लागू होतात, परंतु सामान्य हौशी माणूस तिथवर क्वचितच पोहोचतो. पंचवीस काडतुसांचे एक खोके, अशी दहा खोकी मिळून अडीचशेचा एक गठ्ठा, आणि भावाचा हिशेब हजारावर, अशी ही बाजारपेठ आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये रायफलचे परवानाधारक सुमारे दीड लाख, तर छर्ऱ्याच्या बंदुकीचे सुमारे पाच लाख आहेत. साहजिकच भाववाढीची कुणकुण लागली की सर्वांत आधी भरतात ती शेतघरांची आणि गॅरेजांची फडताळे.

तुटवडा येतो कोठून, हे समजण्यासाठी काडतूस उघडून पाहावे लागते. पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी ठोका बसताच पेटणारी टोपी म्हणजे प्राइमर, आत बिनधुराची दारू, आणि तोंडाशी गोळी. छर्ऱ्याच्या काडतुसात पुंगळी प्लास्टिकची आणि गोळीच्या जागी छर्रे. हल, लिचफिल्ड आणि बर्मिंगहॅमच्या परिसरात काडतुसे तयार करणारे नामांकित ब्रिटिश कारखाने आहेत; पण त्यांना लागणाऱ्या कच्च्या मालापैकी पुष्कळसा बाहेरून येतो.

बिनधुराच्या दारूचा मूळ घटक नायट्रोसेल्युलोज. तो बनतो कापसापासून. नेमके सांगायचे तर जिनिंगनंतर सरकीला चिकटून राहिलेल्या आखूड तंतूंपासून. खानदेश-विदर्भातल्या तेलगिरण्यांच्या आवारात पाय टाकलेल्या कोणालाही हा पांढरा भुगा ठाऊक असेल. नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांची प्रक्रिया झाली की तोच निरुपद्रवी कापूस तोफेचे पोट भरतो. युरोपातील दारूगोळा उद्योग या तंतूंसाठी मोठ्या प्रमाणात चीनवर अवलंबून आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि १५५ मिलिमीटरच्या तोफगोळ्यांची मागणी अचानक कित्येक पटींनी वाढली. तोफगोळा आणि मातीच्या थाळीवर झाडायचे काडतूस यांची दारू वेगळी असली तरी तिच्या मुळाशी असलेला कापूस एकच. रांगेत पुढे कोण उभे राहणार, हे सांगायला नको. त्यातच चीनने सप्टेंबर २०२४ पासून अँटिमनीच्या निर्यातीवर निर्बंध आणले. शिशाचे छर्रे कठीण करण्यासाठी आणि प्राइमरच्या मिश्रणात हा धातू लागतो.

त्याआधीची लाट अमेरिकेतून आली होती. डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हुक शाळेतील हत्याकांडानंतर कडक कायद्याच्या धास्तीने अमेरिकन ग्राहकांनी दुकाने रिकामी केली, आणि सर्वांत स्वस्त व साधे असे .२२ चे काडतूस कित्येक महिने दुर्मिळ झाले. वॉलमार्टसारख्या साखळीला प्रत्येक गिऱ्हाइकामागे तीन खोक्यांची मर्यादा घालावी लागली. २०२० मध्ये कोविड, दंगली आणि निवडणूक एकत्र आल्या, लक्षावधी नवे बंदूकधारक बाजारात उतरले आणि तोच प्रकार मोठ्या प्रमाणावर पुन्हा घडला. गंमत अशी की त्या वर्षी ब्रिटिश नेमबाज बराच काळ घरीच होता. रेंज बंद, दुकाने बंद, बिस्ली येथील जुलैतील पारंपरिक इम्पिरियल मीटिंगही रद्द. त्याचे कपाट भरलेलेच राहिले. टंचाई जाणवली ती मैदाने पुन्हा उघडल्यावर. आणि सर्वांत आधी प्राइमरच्या बाबतीत, कारण अमेरिकन कारखाने आपल्या बाजाराची भूक भागवून उरलेलेच परदेशी पाठवत होते.

प्राइमरची टंचाई ज्यांना सर्वाधिक झोंबली, तो वर्ग घरी काडतुसे भरणाऱ्यांचा. लांब पल्ल्याची नेमबाजी करणारे अनेक जण वापरलेली पुंगळी पुन्हा भरतात. त्यात बचत होते आणि दारूचे वजन आपल्या रायफलीला मानवेल तसे ठरवता येते. ब्रिटनमध्ये रिकाम्या पुंगळ्या आणि साध्या गोळ्या यांच्या खरेदीवर फारसे बंधन नाही. प्राइमरसाठी मात्र २००६ च्या कायद्यापासून परवाना दाखवावा लागतो. या मंडळींना साठ्याचा धडा २०१८ मध्येच मिळाला होता. रसायनांच्या नोंदणीविषयीच्या ‘रीच’ या युरोपीय नियमांमुळे काही लोकप्रिय अमेरिकन दारूंचे प्रकार ब्रिटिश दुकानांतून दिसेनासे झाले. अनेकांनी शेवटचे डबे उचलून ठेवले, तर बाकीचे फिनलंडच्या विहटावुओरीकडे किंवा स्विस बनावटीच्या दारूकडे वळले. पुढे युद्धाच्या काळात नेमक्या या युरोपीय दारूंचाच पुरवठा आटला.

त्यातून एक विचित्र सवय रुजली. पूर्वी हे लोक लागेल तसा माल आणत. आता जे मिळेल ते, मिळेल तेव्हा घेतले जाऊ लागले. परिणामी एकाकडे तीन वर्षे पुरतील इतके प्राइमर आहेत, पण दारूचा डबा तळाला गेला आहे. दुसऱ्याकडे दारू आहे, पण हव्या त्या वजनाच्या गोळ्या नाहीत. घटक चार, आणि चारही एकाच वेळी हजर असल्याशिवाय एकही काडतूस तयार होत नाही. काहींनी तर दुकानात जो माल सातत्याने मिळतो त्याच्या हिशेबाने रायफलचे कॅलिबर बदलण्याचा विचार सुरू केला. त्यासाठी पुन्हा पोलिसांकडे अर्ज आणि पुन्हा प्रतीक्षा.

.२२ रिमफायरवाल्याला हा मार्गच नाही. या काडतुसात पेटणारे मिश्रण पुंगळीच्या कडेत भरलेले असल्याने ते घरी पुन्हा भरता येत नाही. कारखान्यावर पूर्ण भिस्त. ऑलिंपिक दर्जाच्या नेमबाजीत आणखी एक अडचण असते, आणि ती समजून घेतल्याशिवाय साठेबाजीविषयी निवाडा देणे अन्यायाचे होईल. एकाच नावाच्या, एकाच किमतीच्या काडतुसांचे दोन लॉट एकाच रायफलमधून वेगवेगळे वागतात. म्हणून गंभीर स्पर्धक आपली रायफल घेऊन चाचणी केंद्रावर जातो, अनेक लॉट झाडून पाहतो आणि ज्याची गोळ्यांची दाटी सर्वांत घट्ट येते त्याच लॉटची शक्य तितकी काडतुसे एकदम घेतो. १८२८ मध्ये लंडनमध्ये सुरू झालेली आणि आज बर्मिंगहॅमजवळ कारखाना असलेली एली ही कंपनी अशी चाचणीची सोय देते. हा साठा भीतीपोटी केलेला नसतो. स्पर्धेच्या वर्षात मध्येच लॉट बदलू नये एवढाच त्यामागचा हेतू असतो. परवान्यावरची मर्यादा आड येते तेव्हा काही दुकानदार गिऱ्हाइकाच्या नावाने लॉट बाजूला ठेवून हप्त्याहप्त्याने देतात. तुटवड्याच्या काळात ही मेहेरबानी परवडेनाशी होते, कारण समोर दुसरे गिऱ्हाईक रोख पैसे घेऊन उभे असते.

मराठी वाचकाला हा विषय वाटतो तितका दूरचा नाही. मँचेस्टरच्या २००२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेतील नेमबाजी झाली ती सरे परगण्यातील बिस्लीतच, आणि तेथे अंजली भागवत यांनी चार सुवर्णपदके जिंकली. २०१० मध्ये कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोनमध्ये विश्वविजेत्या झाल्या. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवले तेव्हा त्यांच्या सरावाची काडतुसे घेण्यासाठी वडिलांनी कर्ज काढल्याच्या बातम्या आल्या होत्या. त्या एका स्पर्धेच्या पात्रता फेरीतच साठ गोळ्या झाडाव्या लागतात. सरावातील मोजदाद वेगळीच. काडतुसाचा भाव वाढला की पहिली कात्री लागते ती या सरावाला.

ब्रिटिश क्लबांतही तसेच झाले. रिकाम्या रायफलचा घोडा दाबून सराव करणे, इलेक्ट्रॉनिक साधनावर निशाणा तपासणे, एअर रायफलकडे वळणे, शंभर थाळ्यांऐवजी पन्नासच थाळ्यांची फेरी घेणे हे सारे वाढीला लागले. क्लबने आपल्या नावाने घाऊक खरेदी करून सदस्यांना रेंजवर वापरापुरती काडतुसे द्यायची, ही जुनी पद्धत पुन्हा उपयोगी ठरली. दुकानदारांनी नेहमीच्या गिऱ्हाइकांना प्राधान्य दिले. या व्यवस्थेत जुना सदस्य तरतो. नुकताच परवाना मिळालेला विद्यार्थी किंवा नवखी तरुणी मात्र कोणाच्याच यादीत नसते, आणि हा छंद आधीच वयस्कांचा झाल्याची कुरकुर करणाऱ्यांनी याकडे थोडे अधिक लक्ष द्यायला हवे होते.

घबराटीच्या खरेदीचे गणित मात्र सर्वत्र सारखेच. नोव्हेंबर २०१६ मध्ये मीठ संपणार अशी अफवा उठली आणि मुबलक मीठ असलेल्या देशात लोकांनी पिशव्या भरून मीठ घरी नेले. मार्च २०२० मध्ये ब्रिटनच्या सुपरमार्केटांतून टॉयलेट पेपर असाच गायब झाला. महिन्याला दोन खोकी लागणाऱ्या हजार जणांनी एकाच आठवड्यात सहा-सहा खोकी उचलली, तर कारखान्याचे उत्पादन तेवढेच असूनही फळी रिकामी होते. आणि रिकामी फळी पाहून पुढचा माणूस आठ खोकी मागतो. फरक इतकाच की टॉयलेट पेपरचा साठा भरला की खरेदी थांबते आणि बाजार सावरतो. काडतुसांबाबत ‘पुन्हा मिळेल की नाही’ ही शंका एकदा मनात बसली की ‘पुरेसे’ या शब्दाचा अर्थच कायमचा सरकतो. तीन महिन्यांचा माल पुरे मानणारा आता वर्षभराचा हाताशी असल्याशिवाय निश्चिंत होत नाही.

या नव्या सवयीपुढे आता उलट दिशेची अडचण उभी आहे. १० जुलै २०२५ रोजी ब्रिटिश सरकारने एक टक्क्याहून अधिक शिसे असलेले छर्रे आणि तीन टक्क्यांहून अधिक शिसे असलेल्या गोळ्या यांच्यावर निर्बंध आणण्याचे जाहीर केले. कायदा झाल्यापासून तीन वर्षांची मुदत मिळणार आहे. लष्कर, पोलिस, उच्च पातळीवरील खेळाडू आणि योग्य बंदोबस्त असलेल्या रायफल रेंज यांना सवलत आहे. शिशाचे कण गिळून पक्षी मरतात, हे त्यामागचे कारण. पाणपक्ष्यांच्या शिकारीपुरती इंग्लंडमध्ये ही बंदी १९९९ पासूनच आहे.

म्हणजे ज्याने भाववाढीच्या भीतीने शिशाची काडतुसे रचून ठेवली, त्याला मुदतीत ती संपवावी लागतील किंवा फेकून द्यावी लागतील. पर्याय पोलादी छर्ऱ्यांचा. पण आजोबांकडून आलेल्या जुन्या नाजूक नळ्यांच्या इंग्लिश डबलबारीला पोलाद मानवत नाही. तिच्यासाठी बिस्मथ लागते आणि ते शिशापेक्षा कितीतरी महाग आहे. त्यामुळे आज दुकानात एकाच दिवशी दोन तऱ्हांची गिऱ्हाइके भेटू शकतात: एक शिशाची काडतुसे स्वस्तात मिळतात का ते विचारणारा, दुसरा पुढच्या टंचाईआधी बिस्मथची काही खोकी पदरात पाडून घेणारा.

आणि कधी कधी तिसरेही. परवानाधारकाचे निधन झाले की कुटुंबीयांना त्याच्या बंदुका व काडतुसे कायदेशीरपणे हाताळण्यासाठी पोलिसांकडून तात्पुरता परवाना घ्यावा लागतो आणि नंतर ती नोंदणीकृत दुकानदाराकडे किंवा पोलिसांकडे सोपवावी लागतात. गॅरेजमधल्या फडताळावर एकावर एक रचलेले गठ्ठे मोजत बसण्याची वेळ तेव्हा मुलांवर येते, आणि त्यातला किती माल विकता येईल हे दुकानदाराला प्रत्येक खोके उघडून पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.