परदेशातली पहिली शाळा : चौथा दिवस

द्विभाषिक किटा (इथलं पाळणाघर-बालवाडी) बरी की साधी जर्मन किटा, हे या आठवड्यात सांगायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या वेळी. गुटशाइनवरच्या, म्हणजे किटासाठी लागणाऱ्या सरकारी हक्कपत्रावरच्या, लेखानंतर बर्लिनच्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आणि त्याचं उत्तर लांबणीवर टाकणं मला बरं वाटेना. मुलीला १ ऑगस्टपासून जागा मिळाली आहे, बाईंची नवी नोकरी त्याच आठवड्यात सुरू होते आणि किटावाले म्हणतात, पहिले दोन-तीन आठवडे तुमच्यापैकी एकाने इथे येऊन बसायचं. ‘जागा दिली ना, मग मुलीला ठेवून का घेत नाहीत? पुण्यात माझ्या बहिणीचा मुलगा आठ दिवस रडला आणि रुळला की.’

हा प्रश्न प्रत्येक मराठी घरात येतो. २०१३ च्या ऑगस्टपासून जर्मनीत वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला जागेचा कायदेशीर हक्क आहे, म्हणून आपण गृहीत धरतो की जागा मिळाली म्हणजे काम झालं. पण खरं काम तिथून पुढे सुरू होतं. त्याला इथे ‘आइनगेव्योनुंग’ म्हणतात, म्हणजे मूल रुळवण्याचा काळ. मला विचाराल तर किटा निवडताना इमारत, बाग, जेवणाचा तक्ता यांच्याही आधी हेच विचारावं : तुम्ही मुलाला कसं रुळवता?

बहुतेक किटा ‘बर्लिन पद्धत’ सांगतील. ऐंशीच्या दशकात बर्लिनच्या इन्फान्स या संस्थेत हान्स-योआखिम लेवेन आणि बेआटे आंद्रेस यांनी ती बसवली. मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांचा आई-मुलाच्या बंधाचा सिद्धान्त तिच्या मुळाशी आहे. लेवेन यांना असं आढळलं होतं की आईबापांच्या सोबतीशिवाय एकदम ठेवलेली मुलं पुढच्या काही महिन्यांत आजारपणामुळे जास्त गैरहजर राहतात. हे वाचल्यापासून ‘रडेल आणि रुळेल’ हे वाक्य मला कधीच हलकेपणाने घेता आलेलं नाही.

पहिले तीन दिवस तुम्ही मुलाला घेऊन साधारण तासभर जायचं आणि बरोबरच परत यायचं. त्या तासात कोपऱ्यात एका जागी बसायचं. मूल मांडीवर आलं तर घ्यायचं, गेलं तर जाऊ द्यायचं. ‘जा ना, बघ ती मुलं कशी खेळतायत’ असं म्हणून ढकलायचं नाही. दुसऱ्यांच्या मुलांशी खेळायचं नाही आणि फोन पिशवीतून काढायचा नाही. आपल्या आयांना हे फार जड जातं. नुसतं बसून राहणं म्हणजे आपण काहीच करत नाही, असं त्यांना वाटतं. पण मुलाला हवी असते ती परत येण्याची जागा, आणि ती तुम्ही असता. किटातल्या ज्या ताईंकडे तुमचं मूल सोपवलेलं असतं, त्या या काळात एखादा ठोकळा पुढे सरकवतील आणि वाट बघतील. ताई पहिल्याच दिवशी मुलाला उचलून कडेवर घेत असतील तर ते प्रेम समजू नका, घाई समजा.

चौथ्या दिवशी पहिली ताटातूट. पद्धतीत एक बारीक नियम आहे, तो मला फार आवडतो : चौथा दिवस सोमवार असेल तर ताटातूट करायची नाही, मंगळवारी करायची. शनिवार-रविवार घरी काढून आलेलं मूल सोमवारी पुन्हा थोडं नवखं झालेलं असतं, एवढा विचार त्यात आहे. आल्यावर काही मिनिटांनी तुम्ही उठायचं, मुलाला सांगायचं, ‘मी बाहेर जाते, परत येते’, आणि जायचं. नजर चुकवून सटकायचं नाही. दाराबाहेरच्या खुर्चीवर थांबायचं, जास्तीत जास्त अर्धा तास. मूल रडलं आणि ताईंच्या जवळ शांत झालं तर ठीक. दोन-तीन मिनिटांत शांत होत नसेल तर तुम्हाला आत बोलावतात. मग पुढचे काही दिवस पुन्हा ताटातूट नाही, आणि काळ सहा दिवसांचा न राहता दोन-तीन आठवड्यांचा होतो.

आता पत्रातल्या ‘रडला आणि रुळला’ याचं उत्तर. रडणं थांबलं म्हणजे मूल रुळलं, असं इथे मानत नाहीत. निरोपाच्या वेळी रोज रडणारं मूलही रुळलेलं असू शकतं. ताईंनी जवळ घेतल्यावर ते शांत होऊन खेळायला लागतं का, ही कसोटी. उलट न रडता कोपऱ्यात बसून राहणाऱ्या मुलाकडे चांगल्या ताई जास्त लक्ष देतात.

हे सगळे जर्मन नखरे आहेत असं कुणी म्हणालं की मी ताराबाई मोडकांची आठवण काढतो. १९४५ साली बोर्डीला काम सुरू केल्यावर मुलं बालवाडीत येत नाहीत हे पाहून त्यांनी बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. आई हाकेच्या अंतरावर, धाकटं भावंड शेजारी. ताटातुटीचा प्रश्न त्यांनी जागा बदलून सोडवला होता. इथे फ्लॅटमधून ट्रामने किटात जायचं, म्हणून आईनेच आत येऊन बसायचं.

मराठी घरांसाठी काही गोष्टी वेगळ्या सांगायला हव्यात. भारतातून आलेल्या आजीला या कामाला बसवू नका. तिचा व्हिसा ९० दिवसांचा. मूल तिच्या सोबतीने रुळतं आणि महिन्याभरात आजी विमानात बसते, म्हणजे एकाच वेळी दोन बदल. बाबांनी मात्र जरूर बसावं. दोघांनी मिळून घेतल्यास एल्टर्नगेल्ड, म्हणजे मूल सांभाळण्यासाठी आईबापांना मिळणारा सरकारी भत्ता, १४ महिने मिळतो. त्यातले तेरावा आणि चौदावा महिना बाबांनी घेऊन मुलाला रुळवायचं, ही इथली रुळलेली वाट आहे आणि आपल्याकडच्या बाबांनीही ती धरावी. रुळल्यावर लगेच चार-पाच आठवडे भारतात जाऊ नका. परतल्यावर पुन्हा बरंचसं पहिल्यापासून करावं लागतं.

आणि ताईंना मुलाचे शब्द लिहून द्या, रोमन लिपीत, जर्मन अर्थासह. माझ्या ओळखीच्या एका घरातला दीड वर्षाचा मुलगा ‘शू, शू’ म्हणायचा आणि ताई धावत त्याचे बूट आणायच्या, कारण जर्मनमध्ये बुटाला हाच उच्चार. दोन दिवस चड्डी ओली आणि पायात बूट! कागद दारामागे चिकटवल्यावर प्रश्न मिटला. पाणी, शू, शी, दुदू, निनी, दुखतंय, आई, बाबा : आठ शब्द पुरतात.

बर्लिनच्या भगिनीला सांगणं असं की १ ऑगस्ट ही कराराची तारीख आहे. नवी मुलं एकदम घेत नाहीत, दोन-दोन, तीन-तीन करून घेतात, तेव्हा तुमच्या मुलीचा पहिला दिवस ऑगस्टच्या अखेरीसही असू शकतो. तो आजच लेखी विचारून घ्या. मग नोकरीच्या ठिकाणी बोला. रुजू होण्याची तारीख त्या दिवसापासून सहा आठवडे पुढे मागा. नाहीच जमलं तर तेवढ्या आठवड्यांची रजा मुलीच्या बाबांनी काढावी.