ट्रॅक्टरचा पुढील लोडर आणि मागील टायरमधील पाणी : दोष ओळखण्याची पद्धत

नारळावरील गेंड्या भुंग्याच्या अळ्या शेणखताच्या ढिगात वाढतात. त्यामुळे ढीग वेळोवेळी उलथून अळ्या वेचून नष्ट कराव्यात, अशी शिफारस किनारपट्टीच्या सर्वच राज्यांत केली जाते. हे कष्टाचे काम आता अनेक ठिकाणी ट्रॅक्टरला पुढे जोडलेल्या लोडरने होते. लोडर समाधानकारक चालत नसेल, तर ‘मागच्या टायरमध्ये पाणी भरा’ हा सल्ला हमखास मिळतो. तो काही प्रसंगी योग्य असतो, काही प्रसंगी निरुपयोगी ठरतो. म्हणून उपायापूर्वी दोषाचे निदान आवश्यक आहे.

तीन तक्रारी, तीन कारणे

1. बकेट उचलताना मागील चाके हलकी होतात किंवा जमीन सोडतात : हा समतोलाचा दोष आहे.
2. मागील चाके जमिनीवर घट्ट असूनही बकेट वर जात नाही : हा हायड्रॉलिकचा दोष आहे.
3. ढिगात बकेट घुसवताना चाके जागीच फिरतात : हा पकडीचा दोष आहे.

टायरमधील पाण्याचा उपयोग पहिल्या आणि तिसऱ्या तक्रारीत होतो. दुसऱ्या तक्रारीत त्याचा काहीही उपयोग नाही. पाण्याने हायड्रॉलिकची ताकद वाढत नाही.

समतोलाचे गणित

लोडरने वजन उचलले की पुढील अ‍ॅक्सल टेकूसारखा काम करतो. समजा, रिकाम्या बकेटसह ट्रॅक्टरच्या दोन्ही अ‍ॅक्सलवर प्रत्येकी 1,100 किलो भार आहे आणि दोन अ‍ॅक्सलमधील अंतर 2 मीटर आहे. पुढील अ‍ॅक्सलच्या 1.5 मीटर पुढे 500 किलो शेणखत उचलले, तर मागील अ‍ॅक्सलवरील भार 375 किलोने घटून 725 किलो उरतो. पुढील अ‍ॅक्सलवरील भार मात्र 1,975 किलो होतो. अनेक ट्रॅक्टरांना ब्रेक केवळ मागील चाकांना असतात. त्यामुळे मागील बाजू हलकी होणे म्हणजे ब्रेकची पकडही कमी होणे होय. उतारावर हाच मुख्य धोका असतो.

13.6-28 आकाराच्या टायरमध्ये सुमारे 180 लिटर पाणी मावते, म्हणजे दोन टायर मिळून सुमारे 360 किलो वजन वाढते. आपल्या उदाहरणात मागील भार 1,085 किलो होईल. पण पुढील अ‍ॅक्सलवरील 1,975 किलोत एका किलोचीही घट होणार नाही, कारण पाण्याचे वजन थेट मागील अ‍ॅक्सलवर येते. याउलट थ्री पॉइंट लिंकेजवर मागील अ‍ॅक्सलच्या 1 मीटर मागे 400 किलोचे प्रतिवजन लावले, तर मागील भार 600 किलोने वाढतो आणि पुढील भार 200 किलोने घटतो. म्हणून लोडरच्या कामात मागील प्रतिवजन प्रथम लावावे. टायरमधील पाणी त्याला पूरक समजावे. पुढील अ‍ॅक्सलची कमाल क्षमता आणि पुढील टायरमधील हवेचा दाब उत्पादकाच्या पुस्तिकेतून तपासावा.

पाणी भरताना

ट्रॅक्टर सपाट जागी जॅकवर उचलून व्हॉल्व्ह सर्वांत वर येईल असे चाक फिरवावे. व्हॉल्व्हच्या पातळीपर्यंत, म्हणजे सुमारे 75 टक्के पाणी भरावे आणि उरलेल्या जागेत शिफारशीइतकी हवा भरावी. टायर पूर्ण भरल्यास धक्का शोषणारी हवाच उरत नाही. दोन्ही टायरमध्ये पाणी समान असावे. हवेची जागा कमी झाल्याने थोडीशी गळतीही दाब झपाट्याने उतरवते; त्यामुळे दाब वरचेवर तपासावा.

काश्मीर, लडाख किंवा हिमाचलच्या उंच भागात साधे पाणी गोठते. तेथे कॅल्शियम क्लोराइडचे द्रावण वापरतात. द्रावण करताना क्षार पाण्यात हळूहळू घालावा. क्षारावर पाणी ओतू नये, कारण मोठी उष्णता निर्माण होते. या द्रावणाने रिम गंजते, म्हणून गळती दिसताच दुरुस्ती करावी. लोडरचे काम संपून पेरणी किंवा आंतरमशागत सुरू होणार असेल, तर पाणी काढून टाकावे. अनावश्यक वजनाने जमीन दाबली जाते.

हायड्रॉलिकचा दोष कोठे शोधावा?

बकेट जमिनीवर टेकवून तेलाची पातळी पाहावी. तेल फेसाळ असेल तर हवा, दुधाळ असेल तर पाणी शिरले आहे. यानंतर मागील लिफ्ट तपासावी. लोडर आणि लिफ्ट एकाच पंपावर चालत असून दोन्ही मंद असतील, तर फिल्टर, तेल किंवा पंपाकडे लक्ष द्यावे. लिफ्ट उत्तम आणि फक्त लोडर मंद असेल, तर कपलर पूर्ण बसला आहे का, होज मुडपला आहे का, हे पाहावे. तेल तापल्यावरच ताकद कमी होत असेल, तर पंपाची झीज किंवा अंतर्गत गळती संभवते. उचललेली बकेट आपोआप खाली येत असेल, तर सिलिंडरचे सील किंवा नियंत्रण व्हॉल्व्ह तपासून घ्यावा. रिलीफ व्हॉल्व्ह स्वतः घट्ट करू नये. दाब प्रेशर गेजने कुशल मेकॅनिककडून मोजून घ्यावा. होजची गळती हाताने चाचपू नये. दाबाखालील तेल त्वचेत घुसते. पुठ्ठ्याचा तुकडा धरून गळती शोधावी.

काम करताना

भरलेली बकेट जमिनीलगत ठेवून हळू चालवावे. भार चढाच्या बाजूस राहावा, म्हणून चढ पुढे तोंड करून चढावा आणि उतार मागे घेत उतरावा. पावसात भिजलेले शेणखत तेवढ्याच बकेटमध्ये बरेच जड भरते. अशा वेळी बकेट अर्धीच भरावी. मागील चाक उचलले जाताच बकेट सावकाश खाली घ्यावी.

विस्तार कार्यकर्त्यांनी शेतकऱ्याची तक्रार ऐकताना पहिला प्रश्न हाच विचारावा : बकेट अडते तेव्हा मागची चाके जमिनीवर असतात का? या एका उत्तरावरून प्रतिवजन हवे की मेकॅनिक, हे बहुतेक वेळा स्पष्ट होते.