पाया उचलणारी माती : गोठणाऱ्या आणि फुगणाऱ्या जमिनीवरील घरांची दुरुस्ती

राजाजीनगरच्या आमच्या वर्गात ‘फ्रॉस्ट हीव्ह’, म्हणजे गोठल्यामुळे जमीन वर उचलली जाणे, हा विषय निघाला की मागच्या बाकावरून ठरलेला प्रश्न येतो : "मॅडम, बंगळूरात बर्फ कुठे पडतो?" खरे आहे. या शहरात नोंदलेले सर्वांत कमी तापमान ७.८ अंश सेल्सिअस आहे आणि तेही जानेवारी १८८४ मधले. पण त्याच वर्गात विजयपूर, कलबुर्गी, सोलापूरकडची मुले असतात. त्यांच्या घरांना दर उन्हाळ्यात भेगा पडतात. कॅनडात स्थायिक झालेला एखादा माजी विद्यार्थी आपल्या तळघराच्या भिंतीचा फोटो पाठवतो. दोन्ही फोटो शेजारी ठेवले तर भेगा सख्ख्या बहिणींसारख्या दिसतात. त्यामागचे कारण समजले की दुरुस्तीचा क्रमही समजतो.

१. जमीन का हलते?

काळी माती : बेसाल्ट खडकाच्या झिजेतून तयार झालेल्या आपल्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट हे खनिज असते. त्याच्या पातळ थरांमध्ये पाणी शिरते आणि माती फुगते. उन्हाळ्यात पाणी गेले की ती आकसते. घराच्या मधल्या भागाखालची ओल फारशी बदलत नाही, पण कडेची बदलते. म्हणून उन्हाळ्यात कडा खाली जातात आणि पावसाळ्यात वर येतात.

गोठणारी माती : पाणी गोठताना सुमारे ९ टक्के प्रसरण पावते, पण घर उचलले जाण्याचे मुख्य कारण ते नव्हे. गोठणाऱ्या थराकडे खालचे न गोठलेले पाणी वर ओढले जाते आणि तिथे बर्फाच्या चकत्या तयार होतात. पाणी मिळत राहिले की चकत्या जाड होत जातात आणि जमीन कित्येक सेंटिमीटर उचलली जाते. त्यासाठी तीन गोष्टी एकत्र लागतात : शून्याखालचे तापमान, पाण्याचा पुरवठा आणि गाळासारखी बारीक कणांची माती. यातली एक जरी काढून टाकली तरी उचल थांबते. वसंतात बर्फ वितळला की हीच माती चिखल होऊन पाया खचतो.

म्हणजे कारणे दोन असली तरी सूत्र एकच : पाणी हलते, म्हणून माती हलते, म्हणून पाया हलतो.

२. दुरुस्तीआधी निदान

तिसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याच्या गावच्या घराला मागच्या कोपऱ्यात भेग होती. गवंड्याने चार उन्हाळे ती सिमेंटने भरली आणि चारही वेळा शेजारी नवी भेग आली. शेवटी कुणीतरी पायाखाली नवा पाया घालायचा सल्ला दिला आणि वडील पीककर्जावर आणखी एक कर्ज काढायला निघाले. मी एवढेच सांगितले की वर्षभर थांबा आणि मोजा.

भेगेवर दोन ठिकाणी काचेची पट्टी चिकटवून त्यावर तारीख लिहिली. लेव्हल ट्यूबने दर महिन्याला जोत्याची पातळी घेतली. भेग मार्च ते मे रुंदावत होती आणि ऑगस्टमध्ये जवळजवळ मिटत होती. कोपऱ्यापासून दोन मीटरवर कडुलिंब होता आणि छताचे सगळे पाणी भिंतीलगत पडत होते. उन्हाळ्यात उघडलेल्या भेगेत कडक सिमेंट भरल्याने पावसाळ्यात तिला मिटायला जागा उरत नव्हती. मग भिंतीला दुसरीकडे फुटणे भाग होते. पन्हळीचे पाणी लांब नेले, झाडाच्या बाजूला मुळे अडवणारा चर घेतला, भिंतीभोवती फरसबंदी केली. पुढच्या उन्हाळ्यात भेग आली, पण केसाएवढी. कर्ज मात्र काढावे लागले नाही.

भेग वाचताना एवढे पाहा :
• भेग वर रुंद आणि खाली अरुंद : घराच्या कडा खाली जात आहेत किंवा मध्य उचलला जात आहे.
• खाली रुंद आणि वर अरुंद : मध्य खचत आहे किंवा कडा उचलल्या जात आहेत.
• ऋतूप्रमाणे उघडझाप : मातीतल्या ओलीचा किंवा गोठण्याचा परिणाम.
• फक्त रुंदावतच जाते : गळकी नळी, कच्चा भराव किंवा सरकणारा उतार यांचा संशय घ्या.

३. दोन छोटी उदाहरणे

(अ) मुक्त फुगवण निर्देशांक. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गेलेली १० ग्रॅम कोरडी माती दोन नळ्यांत घ्या. एकीत पाणी, दुसरीत केरोसीन घाला. २४ तासांनी मातीचे आकारमान पाण्यात २३ मिलि आणि केरोसीनमध्ये ११ मिलि आले, तर
निर्देशांक = (२३ − ११) ÷ ११ × १०० ≈ १०९ टक्के.
आयएस १४९८ प्रमाणे १०० ते २०० म्हणजे जास्त फुगणारी माती.

(आ) कोनीय विकृती. ६ मीटर अंतरावरच्या दोन बिंदूंमध्ये वर्षभरात ३० मिमी फरक वाढला. ३० ÷ ६००० = १/२००. स्केम्प्टन आणि मॅकडॉनल्ड यांनी १९५६ मध्ये सुचवलेल्या मर्यादांप्रमाणे १/३०० च्या पुढे भिंतींना भेगा पडतात आणि १/१५० च्या पुढे सांगाड्याला धोका संभवतो. आपले घर या दोन्हींच्या मध्ये आहे : काळजी हवी, घाबरगुंडी नको. लक्षात ठेवा, जोते बांधतानाच थोडे तिरके असू शकते. म्हणून एकदाच्या मापापेक्षा दोन मापांतला फरक महत्त्वाचा.

४. दुरुस्तीचा क्रम : स्वस्तापासून महागाकडे

पहिले, पाणी. गळक्या नळ्या दुरुस्त करा, पन्हळीचे पाणी लांब न्या, घराभोवती बाहेर उताराची किमान दीड मीटर रुंद फरसबंदी करा.

दुसरे, माती. जोत्याखालची काळी माती काढून न फुगणारी चिकण माती दाबून भरता येते. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी मांडलेली सुमारे १ मीटर जाडीच्या ‘सीएनएस’ थराची पद्धत हीच. थंड प्रदेशात पायालगतची गाळमाती काढून स्वच्छ खडी भरतात आणि बाहेरून जमिनीत उष्णतारोधक फोमचे तक्ते बसवतात. एकाने पाणी तुटते, दुसऱ्याने गारठा.

तिसरे, खोली. वरील उपाय पुरले नाहीत तरच पाया खाली न्यायचा, म्हणजे हलणाऱ्या थराच्या खालच्या स्थिर थरावर टेकवायचा. थंड प्रदेशात गोठणरेषेच्या खाली. खोल काळ्या मातीत अंडर-रीम्ड पाइलची लांबी आयएस २९११ भाग ३ प्रमाणे किमान ३.५ मीटर. पाइलचा खालचा फुगीर कंद नांगरासारखे काम करतो. वरची माती फुगून पाइलला वर ओढते तेव्हा तो त्याला धरून ठेवतो. गोठलेली मातीही पायाच्या बाजूंना चिकटून अशीच वर ओढते, म्हणून तिथेही नुसती खोली पुरत नाही, बाजूंची पकड सोडवावी लागते.

५. अंडरपिनिंग : जुन्या पायाखाली नवा पाया

१) भिंतीला आधी टेकू द्या.
२) भिंतीची लांबी साधारण १ ते १.२ मीटरच्या तुकड्यांत विभागून क्रमांक द्या. शेजारचे दोन तुकडे कधीही एकदम खोदू नका.
३) स्थिर थरापर्यंत खोदा, कडांना आधार द्या, काँक्रीट भरा.
४) जुना पाया आणि नवे काँक्रीट यांत ५० ते ७५ मिमी जागा सोडा. काँक्रीट घट्ट झाल्यावर ती कोरडसर सिमेंट मसाला ठोकून भरा. ही फट नीट भरली नाही तर नवा पाया भार घेतच नाही आणि सगळा खर्च मातीत जातो.
५) मग पुढचा, दूरचा तुकडा घ्या.

काळ्या मातीत हे काम पावसाळ्यात करू नका, खड्ड्याच्या कडा ढासळतात. थंड प्रदेशात ५ अंश सेल्सिअसखाली काँक्रीटला विशेष संरक्षण लागते.

याचे गाजलेले उदाहरण कॅनडात विनिपेगजवळच्या ट्रान्सकोना येथील धान्य कोठाराचे. ऑक्टोबर १९१३ मध्ये धान्य भरत असताना ते सुमारे २७ अंश कलले. वरच्या थराची चाचणी ठीक आली होती, मऊ माती त्याच्या खाली होती. पुढे खडकापर्यंत काँक्रीटचे खांब उतरवून आणि जॅक लावून ते सरळ करण्यात आले. खड्डा किती खोल पाहावा, याचा हा धडा आहे.

६. जिथे पायाची दुरुस्ती पुरत नाही

जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठमध्ये शेकडो घरांना भेगा गेल्या. ते गाव जुन्या दरडीच्या राडारोड्यावर वसले आहे आणि १९७६ मध्येच मिश्रा समितीने तिथल्या जड बांधकामाविरुद्ध इशारा दिला होता. अख्खा उतारच हलत असेल तर एका घराचा पाया भक्कम करून भागत नाही. अशा वेळी अभियंत्याने माणसांना आधी बाहेर काढायला सांगावे. पैसे घेऊन भेगा बुजवू नयेत.

स्वाध्याय

१) आपल्या किंवा शेजारच्या घरातली एक भेग निवडा. रुंदी वर जास्त की खाली, याची नोंद तारखेसह ठेवा.
२) पाण्यात १९ मिलि आणि केरोसीनमध्ये १० मिलि आकारमान आल्यास मुक्त फुगवण निर्देशांक काढा आणि मातीची वर्गवारी सांगा.
३) उन्हाळ्यात भेगेत सिमेंट भरणे का चुकीचे, हे गवंड्याला पटेल अशा चार वाक्यांत लिहा.